तसबिरीमागचा इतिहास

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेले भाषण)





जानेवारी महिना आला की आमच्या शाळेत ऑफिसातले कपाट वरचेवर उघडावे लागते. त्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी ठेवलेल्या असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले, १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ व स्वामी विवेकानंद, २३ जानेवारीला नेताजी सुभाषचंद्र बोस, २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिन, आणि ३० जानेवारीला महात्माजींची पुण्यतिथी. शिपाई तसबिरी उतरवतो, फडक्याने धूळ पुसतो, टेबलावर चादर अंथरली जाते. दोन मुले भाषण म्हणतात, मुख्याध्यापक दोन शब्द बोलतात आणि पंधरा मिनिटांत तसबिरी पुन्हा वरच्या फळीवर जातात.

हे वर्णन थट्टेने केलेले नाही. या पंधरा मिनिटांची व्यवस्था पुष्कळ वर्षे मीच पाहत आलो आहे. या पंधरा मिनिटांत आपण नेमके काय करतो, आणि काय करायला हवे, याविषयी आज तुमच्यापुढे मन मोकळे करायचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. १२ जानेवारीचाच दिवस होता. कार्यक्रम आटोपला, मुले रांगेने वर्गाकडे निघाली. आठवीतला एक मुलगा मागे रेंगाळला. मी तसबिरी गोळा करीत होतो. त्याने जवळ येऊन हळू आवाजात विचारले, "सर, ह्यांच्यात आपलो कोण नाय?"

मित्रहो, मी बी.ए. केले ते इतिहास घेऊन. बी.एड.ला असताना "विद्यार्थ्याच्या शंकेचे समाधान करणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य" असे उत्तरपत्रिकेत लिहून मी मार्कही मिळवले होते. त्या मुलाला मात्र मी उत्तर दिले, "घंटा झाली, वर्गात चल." तो गेला. त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. त्याने पुन्हा विचारले नाही हेच मला जास्त लागले. शंका विचारून झाली आणि उत्तर मिळाले नाही, की मूल स्वतःच एक उत्तर ठरवून टाकते. "हा कार्यक्रम दुसऱ्यांचा आहे, आपण फक्त रांगेत उभे राहायचे," हे ते उत्तर असते. आपल्याच शाळेत आपले मूल पाहुण्यासारखे उभे राहते.

पुढे एका कामानिमित्त मला सोलापूरला जावे लागले. सोलापूर म्हटले की आपल्याला चादर आठवते. आपल्या मालवण किनाऱ्यावर असे घर विरळा, की जिथे सोलापुरी चादर नाही. त्या शहरात एका चौकात चार पुतळे एकत्र उभे आहेत. रिक्षातून जाताना मी रिक्षावाल्याला सहज विचारले, "हे कोण?" त्याने रिक्षा न थांबवता एका दमात चार नावे सांगितली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. "बारा जानेवारीला फाशी दिली साहेब, चौघांना एकाच दिवशी," एवढे म्हणून तो गप्प झाला.

बारा जानेवारी! माझ्या कानात त्या मुलाचा प्रश्न घुमू लागला.

परत आल्यावर मी पुस्तके काढली. ग्रंथालयातून आणली, काही मागवून घेतली. आधी वाचायला हवे होते ते उशिरा वाचले. त्यातून जे समजले ते थोडक्यात सांगतो.

१९३० साली महात्माजींनी मिठाचा सत्याग्रह केला हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात गांधीजींना अटक झाली आणि देशभर लोक रस्त्यावर आले. आपल्याकडे त्याच महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. वेंगुर्ल्याजवळचे हे शिरोडे, जिथे वि. स. खांडेकर त्या काळी हायस्कुलात शिक्षक होते. या सत्याग्रहासाठी बाहेरगावाहून माणसे आली. बौद्ध वाङ्मयाचे गाढे पंडित धर्मानंद कोसंबी यांनीही त्यात भाग घेतला. म्हणजे ज्या समुद्राचे पाणी आपल्या पायरीला लागते, त्याच समुद्राच्या मिठासाठी आपल्या किनाऱ्यावर लोक तुरुंगात गेले आहेत. आपल्यापैकी किती जणांनी मुलांना शिरोड्याला नेऊन हे सांगितले? मीही नेले नव्हते.

त्याच मे महिन्यात सोलापुरात काय घडले? गिरण्यांचे शहर, कामगारांची मोठी वस्ती. ८ मे रोजी जमावावर गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे नावाचा तरुण पडला. लोकांचा संताप अनावर झाला. पोलीस चौकी जाळली गेली, कोर्टाला आग लागली, दोन पोलीस मारले गेले. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल असा उरलाच नव्हता. मग सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला. तो १२ मेपासून ३० जूनपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी असणे हासुद्धा त्या दिवसांत गुन्हा ठरला.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांवर खटला भरण्यात आला. त्यांचा त्या हत्येशी संबंध नव्हता, असे सोलापूरकर आजही सांगतात. चौघेही चळवळीत पुढे होते आणि सरकारच्या डोळ्यांत सलत होते. अपील फेटाळले गेले. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली.

त्या चौघांतील कुर्बान हुसेन तेव्हा ऐन विशीत होते. विद्यार्थी मित्रहो, विशी म्हणजे आज तुमचे थोरले भाऊ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतात ते वय. त्या वयात हा तरुण 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवीत होता आणि गिरणी कामगारांमध्ये काम करीत होता.

आता तुम्ही म्हणाल, चला, मास्तरांना त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मलाही प्रथम तसेच वाटले. पुढल्या १२ जानेवारीला कुर्बान हुसेन यांची तसबीर लावायची आणि त्या मुलाला अभिमानाने सांगायचे, "हा बघ आपला." पण जसजसा विचार केला तसतसे ते उत्तर अपुरे वाटू लागले.

सोलापूरच्या त्या रिक्षावाल्याने चार नावे एका दमात घेतली होती. त्यातले पहिले कोणाचे, शेवटचे कोणाचे, हा हिशेब त्याच्या मनात नव्हता. चार आडनावे चार निरनिराळ्या समाजांतली, पण सोलापूरने ती एकत्र गुंफली आणि सोडली नाहीत. त्यांतून कुर्बान हुसेन यांना एकट्याला बाजूला काढून मी आपल्या फळीवर ठेवले, तर धनशेट्टी, सारडा आणि शिंदे यांच्याशी मी बेइमानी केली असे होईल. आणि खुद्द कुर्बान हुसेन यांच्याशीही. फाशीच्या दोरापर्यंत ते ज्यांच्याबरोबर गेले, त्यांच्यापासून आपण त्यांना तोडायचे, हा कसला सन्मान?

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही असे केले. १२ जानेवारीला जिजाऊसाहेब व विवेकानंद यांच्या शेजारी एका पुठ्ठ्यावर चारही नावे ठळक अक्षरांत लिहून ठेवली. नववीच्या चार विद्यार्थ्यांनी एकेका हुतात्म्याविषयी चार-पाच वाक्ये स्वतः लिहून वाचली. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम पंचवीस मिनिटांचा झाला. प्रश्न विचारणारा तो मुलगा तेव्हा नववीतच होता. मी त्याला मुद्दाम जगन्नाथ शिंदे यांच्याविषयी बोलायला सांगितले, आणि कुर्बान हुसेन यांच्याविषयी एका मुलीला. त्याने का म्हणून विचारले नाही. त्याला ते कळले असावे, असे मला वाटते.

पालक बंधूंनो, "आपला कोण?" या प्रश्नाचे खरे उत्तर आपल्या अंगणातच आहे. मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याच्या कामाला हात घातला आणि सुमारे तीन वर्षांत भर समुद्रात तट उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते, असे सांगतात. ज्या आरमारासाठी हा खटाटोप केला, त्या आरमारात दौलतखान होता आणि मायनाक भंडारीही होता. १६७९ साली खांदेरी बेटावरून इंग्रजांशी झगडा झाला, तेव्हा हे दोघे एकाच बाजूने लढले. लाटेने कधी खलाशाची जात विचारली आहे काय? आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसे जहाजावर गेली. होडीतला सोबती कोण आहे यापेक्षा त्याला वल्हे मारता येते की नाही, हे जास्त महत्त्वाचे असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

२०२२ साली भारतीय नौदलाने नवे निशाण स्वीकारले, त्यातील अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन आपल्या मालवणात झाला. त्या दिवशी राजकोटावर महाराजांचा पुतळा उभा राहिला, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्या दिवशी गावात चूल पेटली तरी घास गोड लागला नाही, असे अनेक घरी झाले. त्यात आपलीही घरे होती. २०२५ साली त्या जागी नवा पुतळा उभारण्यात आला. मी त्यावर राजकारण बोलणार नाही, ते माझे काम नव्हे. शिक्षक म्हणून मला एवढेच दिसते की साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तट लाटा खात उभा आहे, कारण त्याच्या पायाला वेळ दिला गेला. आपल्या शाळेतल्या कार्यक्रमांचेही तसेच आहे. पाठ केलेले भाषण आठ महिनेसुद्धा टिकत नाही. समजून घेतलेली गोष्ट जन्मभर राहते.

आता एक नाजूक गोष्ट बोलतो. आपल्यापैकी काही पालकांच्या मनात तसबिरीला हार घालण्याविषयी संकोच आहे. काहींनी तो माझ्याजवळ बोलून दाखवला, काही जण न बोलता त्या दिवशी मुलाला घरी ठेवतात. बोलून दाखवणाऱ्यांचा मी आभारी आहे. त्यांना मी सांगितले, आणि आज सर्वांना सांगतो : ताजीम वेगळी आणि इबादत वेगळी. घरात वडीलधारे आले की आपण उठून उभे राहतो, तेव्हा आपण त्यांची इबादत करीत नाही. ज्याच्या मनाला हार घालणे पटत नाही त्याने घालू नये. शांतपणे उभे राहावे आणि त्या माणसाने काय केले ते ऐकावे. हारापेक्षा ते ऐकणेच मोठे आहे. मात्र मुलाला घरी ठेवू नका. हाराच्या वादापायी तुमचे मूल इतिहासाला मुकेल, आणि रांगेतील त्याची रिकामी जागा दुसऱ्या मुलांना दिसेल. त्या रिकाम्या जागेचा अर्थ ती मुले आपापल्या परीने लावतील.

दुसरी गोष्ट. एका पालकांनी मला स्पष्ट विचारले, "मास्तर, ह्या गोष्टींचे मार्क किती?" प्रश्न रास्त आहे. वडील आखातात राबतात, आई इकडे एकटीने संसार ओढते. मुलाच्या शिक्षणाचा हिशेब त्यांनी मागायलाच हवा. माझे उत्तर असे आहे. तुमचा मुलगा उद्या मुंबईला, पुण्याला कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल. तिथे केव्हातरी कोणीतरी चेष्टेने किंवा रागाने त्याला विचारील, "तुमच्या लोकांनी या देशासाठी काय केले?" इतिहास माहीत नसेल तर त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात, मान खाली घालायची किंवा भांडायचे. इतिहास माहीत असलेला मुलगा तिसरी वाट धरतो. तो शांतपणे सोलापूरची चार नावे घेतो. "तुमचे लोक" आणि "आमचे लोक" अशी वाटणी त्या चौघांनी केली नव्हती, एवढेच तो सांगतो. या उत्तराला बोर्डाच्या परीक्षेत मार्क नाहीत. आयुष्यात आहेत.

पण इथे एक सावधगिरी हवी. इतिहासातील मुसलमान नावे शोधायची ती कोणाला प्रमाणपत्र दाखवण्यासाठी नव्हे. या मातीत आपण जन्मलो, ही भाषा बोलतो, याच समुद्रावर जगतो; आपल्या नागरिकत्वाची शपथ दर २६ जानेवारीला नव्याने घ्यायची गरज नाही. आणि अभिमानाच्या भरात खऱ्या गोष्टीला पदरची झालर लावायचीही गरज नाही. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारपणामुळे माहेरी आणि इकडे सारा भार फातिमावर, ही काळजी त्या पत्रात आहे. मुलींनो, एवढा उल्लेखसुद्धा किती मोठा आहे! मुलींना शिकवणे हे ज्या काळी पाप समजले जात होते, त्या काळी दोन स्त्रिया एकमेकींचा भार उचलीत होत्या. जेवढे पत्रात आहे तेवढे सांगा. खरे थोडे असले तरी पुरते.

तिसरी गोष्ट मोल मोजण्याची. ११ नोव्हेंबरला आपण मौलाना आझाद यांची जयंती करतो. २००८ पासून तो राष्ट्रीय शिक्षण दिन आहे. मुले पाठ म्हणतात : जन्म १८८८, मक्का, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. बरोबर आहे. पण १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अटक झाल्यावर त्यांना आपल्याच महाराष्ट्रात, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते, हे किती मुलांना माहीत आहे? ते शहर आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते. मौलाना त्या किल्ल्यात असताना एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. शेवटची भेट झाली नाही. सरकारपुढे सवलतीसाठी हात पसरायचा नाही, हे त्यांनी ठरवले होते. आखातात असताना घरचा मृत्यू ज्यांनी फोनवर ऐकला आहे, असे लोक आज या मंडपात बसले असतील. त्यांना मौलानांची ती रात्र कशी गेली असेल हे मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जयंतीच्या दिवशी मुलाला तारखेबरोबर एवढी एक गोष्ट घरी सांगितलीत, तर ते भाषण त्याला पाठ करावे लागणार नाही.

आता माझ्या विनंत्या, आणि मग मी रजा घेतो.

पहिली विनंती पालकांना. शाळेतील एका तरी जयंतीला स्वतः या. पंचवीस मिनिटे मागे उभे राहा. मुलाच्या भाषणाला तुमचे कान मिळाले की त्याचा आवाज बदलतो, हे मी पाहिले आहे.

दुसरी विनंतीही पालकांनाच. भाषण फोनवरून उतरवून देऊ नका. त्याला तोडकीमोडकी दहा वाक्ये स्वतः लिहू द्या. चुकली तर आम्ही शिक्षक कशासाठी आहोत?

तिसरी विनंती विद्यार्थ्यांना. घरात आजोबा, आजी, नानी असतील तर त्यांच्याजवळ बसा. गलबते कुठवर जात, गावात पहिली शाळा कुठल्या पडवीत भरली, स्वातंत्र्याच्या दिवशी मोहल्ल्यात काय झाले असे ऐकिवात आहे, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊन माझ्याकडे या. पाठ्यपुस्तकात आपल्या वाडीचे नाव नाही म्हणून कुरकुर करण्यापेक्षा आपल्या वाडीचे एक पान आपणच लिहावे.

चौथी विनंती संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना. वर्षातून एक सहल शिरोड्याच्या मिठागरांकडे आणि एक सिंधुदुर्ग किल्ल्यावर काढावी. दोन्ही ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. मुलांच्या पायाला तिथली वाळू लागली की त्यांना पुस्तकातील ओळ पटते.

आणि शेवटची गोष्ट. तो आठवीतला मुलगा आता मोठा झाला आहे. मध्यंतरी सुटीत गावी आला तेव्हा शाळेत येऊन भेटला. सोलापूर-पुणे गाडीने प्रवास करीत होता. गाडीचे नाव 'हुतात्मा एक्सप्रेस'. शेजारच्या प्रवाशाने सहज विचारले, "हे हुतात्मा म्हणजे कोण हो?" माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, मी त्याला चारही नावे सांगितली. एका दमात."

मित्रहो, त्या दिवशी "घंटा झाली, वर्गात चल" असे म्हणून मी जे ऋण डोक्यावर घेतले होते, ते थोडेसे फिटल्यासारखे वाटले. पण वर्गात नवी मुले आली आहेत. त्यांतले कोणीतरी येत्या जानेवारीत रांगेतून मागे रेंगाळेल आणि हळू आवाजात काहीतरी विचारील. त्या वेळी मी वर्गात असेन किंवा नसेन. तुम्ही घरात असाल. त्याला घंटा झाली असे सांगू नका.